संस्थेच्या पत्रासाठी अडलेला एफआयआर

मनगट बरं झालं, पण रुग्णालयाच्या अधीक्षक कार्यालयातल्या त्या टेबलाचा राग अजून गेलेला नाही. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येक सिस्टरला हे माहीत असायला हवं, म्हणून लिहितेय.

मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. स्त्री मेडिसिन वॉर्डात रात्री एका रुग्णाच्या नातेवाइकाने माझा हात पिरगाळला आणि ड्रेसिंगची ट्रॉली माझ्या अंगावर लोटली. त्या रुग्णाला आयसीयूत बेड मिळत नव्हता. तो राग मला समजतो, माझ्या मनगटावर काढलेला मात्र मान्य नाही. वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, धावत आले म्हणून मी सुटले. कॅज्युअल्टीत त्याच रात्री एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद, झाली आणि एक्स-रे निघाला. हाड मोडलेलं नव्हतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, "फ्रॅक्चर नाही ना सिस्टर? मग एनसी घेतो," म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. साधी दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम 115 खाली येते आणि ती अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस आपणहून तपास करत नाहीत, इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं. पण मी रस्त्यावर भांडले नव्हते, ड्यूटीवर होते. तसं सांगितल्यावर उत्तर आलं, "ड्यूटीवर होता हे संस्थेनं लिहून द्यावं. पत्र आणा, लगेच घेतो."

ते पत्र मिळता मिळेना. सकाळी अर्ज घेऊन कार्यालयात गेले, तर साहेब मीटिंगमध्ये. अर्ज ठेवून जा म्हणाले. पोच मागितली, तर लिपिक म्हणाले, "आपल्याच माणसाला पोच कशाला?" मी उभीच राहिले, तेव्हा कुठे बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीत, नोंद झाली आणि माझ्या प्रतीवर शिक्का पडला. दुसऱ्या दिवशी कळलं की आधी अंतर्गत चौकशी होणार, तिचा अहवाल आल्यावर पत्र. चौकशी कोण करणार? समिती अजून नेमायची होती. मग मेट्रन मॅडमनी शेजारी बसवून समजावलं, "नातेवाईक दुःखात होते गं. पेपरात आलं तर रुग्णालयाची बदनामी होईल. तुझी दुसऱ्या वॉर्डात ड्यूटी लावते." मला वॉर्ड बदलून नको होता. चूक माझी असल्यासारखी मी का हलायचं? पुन्हा गेले तर फाईल सहीला गेलेली, त्यानंतर सही करणारे रजेवर. दरवेळी तोच बाक आणि तीच भिंतीवरची सूचनेची पाटी: "कर्मचाऱ्यांवर हल्ला करणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे." ती पाटी त्याच कार्यालयाने लावली होती. तिच्याखाली बसून मी त्याच गुन्ह्याच्या पत्राची वाट बघत होते.

कोलकात्याच्या आरजी कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुणीचा खून झाला, त्यानंतर 16 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने एक कार्यालयीन ज्ञापन काढलं. ड्यूटीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर संस्थाप्रमुखाने जास्तीत जास्त 6 तासांत संस्थेतर्फे एफआयआर दाखल करायचा, असं त्यात लिहिलं आहे. ते वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्राचार्यांनाही पाठवलेलं आहे. त्याची प्रिंट मी टेबलावर ठेवली. "हे आमच्यापर्यंत आलेलं नाही," एवढंच ऐकायला मिळालं. 6 तास तर केव्हाच उलटून गेले होते.

शेवटी नर्सेस संघटनेतल्या एका ज्येष्ठ ताईंनी कान उघडले. त्या म्हणाल्या, "पत्राची गरजच नाही. गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतं, तू तर ज्याला मार बसला तो माणूस आहेस." दखलपात्र गुन्ह्याची खबर घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. ठाण्यात नकार मिळाला तर तीच खबर लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

आम्ही दोघी पुन्हा ठाण्यात गेलो. सोबत ड्यूटी चार्टची झेरॉक्स, एमएलसीची प्रत, माझा जबाब आणि महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्याची प्रिंट नेली. डॉक्टर, नर्स आणि रुग्णालयांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा तो कायदा. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि मोडलेल्या उपकरणांची दुप्पट भरपाई मागता येते. त्या कायद्यात फक्त मारालाच हिंसा म्हटलेलं नाही, कामात अडथळा आणणंही त्यात येतं. हाड मोडलं की नाही हा प्रश्न तिथे उरतच नाही. निरीक्षकांनी कागद पूर्ण वाचला आणि अंमलदारांना नोंद घ्यायला सांगितलं. 2010 चा कायदा लागला आणि सोबत न्याय संहितेचं कलम 132, सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी केलेल्या हल्ल्याचं, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं, आपण अजून ज्याला तीनशे त्रेपन्न म्हणतो ते. एफआयआरची प्रत हातात आली तेव्हा मला माझा अभिमान वाटला, तो मी लपवणार नाही. प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. रुग्णालयाचं पत्र नंतर यथावकाश ठाण्यात पोचलं.

एक गोष्ट राहिली, खरं तर ती पहिल्याच दिवशी करायची असते. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं. ते जपून ठेवा असा अर्ज, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून, त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. आमच्या वॉर्डाचं चित्रण त्या अर्जामुळेच तपास अधिकाऱ्यांना मिळालं.

आणि हल्ला बहुतेक वेळा अचानक होत नाही. त्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता, उत्तर ऐकून न घेता. आवाज चढला, मग एकदम पडला, मुठी आवळल्या गेल्या, आणि तो माझ्या व दाराच्या मधे येऊन उभा राहिला. मी तेव्हाच मामांना हाक मारली होती. असं दिसलं की हाक मारायला लाजू नका. दाराकडची बाजू आपल्याकडे ठेवा, एकट्याने समजूत घालत बसू नका, स्टेथोस्कोप गळ्यातून काढा, कात्री-फोर्सेपचा ट्रे हाताशी पडू देऊ नका. शिवीगाळ आणि "बघून घेतो" हेसुद्धा रिपोर्ट बुकात वेळेसह लिहा. त्या आठवड्यातल्या आधीच्या धमक्या अशा लिहिलेल्या होत्या म्हणून माझा जबाब भक्कम झाला.

आता आमच्या वॉर्डात रात्री एका रुग्णामागे एकच पास मिळतो, आणि आयसीयूची यादी कुठवर आली हे निवासी डॉक्टर ठरलेल्या वेळी एकाच नातेवाइकाला सांगतात. त्यानंतर दारातली गर्दी कमी झाली आहे. खटला अजून कोर्टात आहे, तारखेला मी जाते. 2010 च्या कायद्याची प्रिंट आम्ही नर्सिंग स्टेशनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. नवीन आलेल्या विद्यार्थिनींना मी ती आवर्जून दाखवते, कारण नर्सिंगचे विद्यार्थीही त्यात धरले आहेत आणि हे त्यांना कुणी सांगत नाही.