गीझर पुराण, नोंद तिसरी: कॉइल बाहेर आली

मागच्या वेळी तडतडाटापाशी थांबलो होतो. नव्याने आलेल्यांसाठी: पुण्यातला फ्लॅट, २५ लिटरचा, २ किलोवॅटचा उभा गीझर, आतून काचेचा मुलामा दिलेली टाकी, वय सहा वर्षं. पाणी निम्मं महापालिकेचं, निम्मं बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. बटण दाबल्यावर चार-पाच मिनिटांत आत चणे भाजल्यासारखा आवाज. आई म्हणते, "आपला तांब्याचा बंबसुद्धा एवढा बोलत नव्हता रे."

आधी नुसतं ऐकलं. नळ झटकन बंद केला की होणारा 'ठण्' वेगळा निघाला. पाइपाची एक पकड सैल होती, स्क्रू आवळला, विषय संपला. तडतडाट मात्र फक्त कॉइल तापत असताना. एमसीबी पाडला की काही सेकंदांत चिडीचूप. म्हणजे आवाज कॉइलचाच. जड पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना कॉइलवर बसतो. त्या थराच्या भेगांत अडकलेल्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते, बुडबुडे बाहेरच्या थंड पाण्यात येऊन फुटतात. तोच आवाज.

शनिवारी उघडला. एमसीबी खाली, टेस्टरने खात्री, अँगल कॉक (गीझरला पाणी देणारा भिंतीवरचा नळ) बंद. पाणी काही केल्या उतरेना. अर्धा तास बादली धरून बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: सेफ्टी व्हॉल्व्हमध्येच उलटं पाणी अडवायची सोय असते! तो काढला, वर हवा जायला गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला, मग भळाभळा आलं.

कॉइल म्हणजे समुद्रातून काढलेलं पोवळं. टाकीच्या तळाची खपली किचनच्या काट्यावर ६८० ग्रॅम भरली. किराणा दुकानातलं पाव किलो लिंबूफूल पाच लिटर कोमट पाण्यात, कॉइल रात्रभर त्यात. फक्त कॉइल, टाकीत काही ओतलं नाही. (टॉयलेटच्या अॅसिडचा सल्ला देणारे शेजारचे काका भेटतीलच. ऐकू नका.) सकाळी मल्टिमीटरवर २६.८ ओम. २३० व्होल्टला २ किलोवॅटचा हिशोब साडेसव्वीसच्या आसपास येतो, म्हणजे कॉइल ठणठणीत. आवरणातून वीज गळतेय का हे मात्र मल्टिमीटर नीट सांगत नाही, त्याला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासणारं यंत्र) लागतो. ओळखीच्या वायरमनकडून तपासून घेतलं.

मॅग्नेशियमच्या रॉडची कथा करुण. टाकीचं लोखंड गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. मूळ जाडी अंगठ्याएवढी, उरला उदबत्तीएवढा. सहा वर्षांत एकदाही पाहिला नव्हता, ही चूक सर्वस्वी माझी. रॉड आणि गॅस्केट दोन्ही नवीन घातले. टाकी भरून नळातून अखंड धार आल्यावरच बटण दाबलं. कोरडी कॉइल बघता बघता जळते.

आता ज्यासाठी हा खटाटोप मांडला होता ती गोष्ट. क्षार साचले की पाणी उशिरा तापतं आणि बिल वाढतं, असं सगळे सांगतात. उघडायच्या आधी २४ अंशांपासून थर्मोस्टॅट ६० ला तुटेपर्यंत ३३ मिनिटं मोजली होती. साफ केल्यावर ३२. कागदावरच्या हिशोबाने, थर नसताना, साडेएकतीस! पहिल्यांदा घड्याळावरच संशय आला. पण विचार केला तर बरोबरच आहे. कॉइल पाण्यात बुडालेली, तिची उष्णता जाणार कुठे? थर असला तरी ती पाण्यातच उतरते. फक्त कॉइल स्वतः जास्त तापते आणि तिचं आयुष्य घटतं. गॅसच्या गीझरचं तसं नाही, तिथे न शोषलेली उष्णता धुराबरोबर निघून जाते. तेव्हा बिल कमी होईल म्हणून कॉइल साफ करू नका, ती जळू नये म्हणून करा.

आवाज गेलाय. आता सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतोय, पण तापतानाच. बाटली लावली: एका वेळेला ३३० मिली. २५ लिटर पाणी ३६ अंशांनी तापलं की साधारण साडेतीनशे मिली फुगतं, आणि उलटं जायला वाट नाही. म्हणजे तो गळत नाहीये, काम करतोय. हे आईला पटवायचं बाकी आहे. तिने खाली कायमची बादली ठेवली आहे.