तुम्ही विचारलंत म्हणून: युनियनवाल्याने वर्ग कशाला घ्यायचे?

‘काका, तुम्ही युनियनवाले. मोर्चे सोडून वर्ग कसले घेत होतात?’ नागपुरात लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे विचारणारं कुणीतरी भेटतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

गिरणीत आमच्या खात्यात एक विणकर होते. पगाराच्या दिवशी अंगठा उमटवायचे आणि पगाराची चिठ्ठी चार घड्या घालून टोपीत ठेवायचे. एकदा मी ती उलगडली. कपातीत कॅन्टीनचे पैसे! हा माणूस रोज घरून भाकरी आणायचा. घरच्या ट्रंकेतल्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या, सगळीकडे तेच. युनियनच्या मागणीपत्रात हे यायचं कुठून? ज्याचे पैसे जात होते त्यालाच पत्ता नव्हता.

कामगारांना आधी शिकवायचं, ही काही माझी अक्कल नव्हे. कामगार पुढारी ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली १९११ साली; कामगारवस्तीत रात्रशाळा, वाचनालयं. आयटक, म्हणजे देशभरच्या युनियनांची संघटना, स्थापन झाली १९२०मध्ये. म्हणजे अक्षरं आधी, झेंडा नंतर. याच जोशींनी १९२९मध्ये आपल्या नागपूरच्या अधिवेशनात आयटक सोडली. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला ब्रिटिश सरकारने नेमलेल्या व्हिटली कमिशनवर बहिष्कार घालायचा, हा वादाचा एक मुद्दा होता आणि जोशी त्या कमिशनचे सभासद! आमच्या जुन्या मंडळींना ती फूट तोंडपाठ. रात्रशाळांचं नाव कुणी काढत नाही, याचा मला राग येतो.

पुढे १९५८ साली सरकारने केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापलं, मुख्यालय नागपूरलाच. पद्धत सोपी: मंडळाचे शिक्षणाधिकारी निवडक कामगारांना शिकवणार, ते ‘कामगार शिक्षक’ होऊन आपल्या कारखान्यात वर्ग घेणार. युनियनने माझं नाव दिलं.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर औद्योगिक विवाद कायदा लिहिला. रात्रपाळी करून आलेले निम्मे लोक घोरायला लागले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कायदा राहू द्या, आपापली चिठ्ठी आणा. मूळ पगार, महागाई भत्ता, फंड, एकेका रकान्यावर बोट ठेवत गेलो. त्या दिवशी कुणी झोपलं नाही. भोंगा झाला तरी भांडण चालूच.

विणकरांना कॅन्टीनचे पैसे परत मिळाले, पण तीनच महिन्यांचे. ते चिडले माझ्यावर. म्हणाले, ‘मास्तर, हा वर्ग दोन वर्षं आधी घ्यायला काय झालं होतं?’