कांगारू उंदीर आणि बेडूक: तुम्ही विचारलेत म्हणून

बारावीच्या मुलांना वाळवंटातल्या कांगारू उंदराची आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या बेडकाची तुलना करायला मी का लावते, हे पालक विचारतात, क्लासवाले विचारतात, आणि स्टाफरूममध्ये तर हा प्रश्न चहाबरोबर येतो.

मी प्राण्यांची नव्हे, पाण्याच्या हिशेबांची तुलना मागते. उत्तर अमेरिकेतला तो उंदीर पाणी न पिता कोरड्या बियांवर जगतो. १०० ग्रॅम सातू शरीरात जळले की साधारण ५४ ग्रॅम पाणी तयार होते, आणि मूत्रपिंडातल्या लांब हेन्ले लूपमुळे (मूत्रातले पाणी परत शरीरात घ्यायला मदत करणारे नळीचे वळण) त्याचे मूत्र रक्ताच्या कितीतरी पट तीव्र असते. बेडकाकडे हेन्ले लूपच नाही. तो पोटाखालच्या त्वचेने पाणी शोषतो आणि त्वचेतूनच ते गमावतो.

प्रश्नपत्रिकेच्या एका बैठकीत मी हेच सांगू पाहत होते, तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी माझ्या प्रश्नावर लाल पेन इतक्या जोरात ओढले की ‘बेडूक’ या शब्दावर कागद फाटला. "मॅडम, तुलना सजातीयांत होते. उद्या तुम्ही आंबा आणि आगगाडीची विचाराल." सगळे हसले, आदल्या दिवशी ज्यांना प्रश्न आवडला होता, तेही हसले. उंदीर आणि बेडूक दोघेही टाकाऊ नत्र युरियाच्याच रूपाने बाहेर टाकतात, मग विजातीय कोण, असे मी म्हणेपर्यंत पुढची प्रश्नपत्रिका उघडली होती. तो राग अजून गेलेला नाही, आणि पुढे तोच प्रश्न वर्गात विचारत राहण्यात निम्मा हट्ट होता, हेही खरे.

त्या वेळची मी म्हणत असे की उंदीर पाणी जपतो आणि बेडूक उधळतो, कारण जंगलात उधळणे परवडते. तिच्याशी आता माझे पटत नाही. जुलैत परवडत असेल. मे महिन्यात उद्यानातले ओढे आटतात, तेव्हा ओलसर दगडाखाली दडलेला बेडूक मूत्राशयातल्या पातळ मूत्रातले पाणी परत रक्तात घेतो, सोसायटीच्या गच्चीवरची टाकी पुरवून वापरावी तसे. त्याला उचलले की भीतीने तो हाच साठा तळहातावर सोडून देतो. मुले किंचाळून हात झटकतात. याला उधळ्या म्हणायचे कसे?

मात्र मग तो उंदराच्या जवळ जातो का? त्वचा गळकीच राहते, मूत्र रक्ताहून तीव्र होतच नाही. म्हणून हल्ली मी प्रश्नात महिनाही लिहिते, जुलै किंवा मे, आणि गुण दोन्हींना सारखेच ठेवते. मे महिन्याचे आदर्श उत्तर मात्र मी दरवर्षी बदलते.