तुम्ही विचारलंत म्हणून: साइडबॉटम, रॅम्सबॉटम आणि खोऱ्यातली आडनावं

२००७ साली भारताने इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली, तेव्हा समोर लांब कुरळ्या केसांचा एक डावखुरा गोलंदाज होता, रायन साइडबॉटम. तेव्हापासून एक प्रश्न वरचेवर येतो: हे कसलं आडनाव? इंग्रजांनी असलं नाव घेतलंच का, आणि घेतलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकवलं कसं?

या आडनावातल्या 'बॉटम'चा शरीराशी काहीही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'बोट्म' म्हणजे तळ, आणि जमिनीच्या बाबतीत खोऱ्याचा तळ: दोन टेकड्यांमधली ओलसर, सपाट पट्टी. 'सिद' म्हणजे रुंद. साइडबॉटम म्हणजे रुंद खोऱ्यातला माणूस. आपल्याकडे दरे गावचा तो दरेकर, तसंच हे. मराठीत भांड्यालाही बूड असतं आणि माणसालाही. 'डब्याचं बूड गळतंय' म्हटल्यावर कुणाला वावगं वाटत नाही. इंग्रजीत 'बॉटम'ला बसायच्या जागेचा अर्थ चिकटला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर ही आडनावं चार-पाचशे वर्षं जुनी झाली होती. ज्यांनी ती घेतली त्यांच्या कानाला त्यात फक्त जमीन ऐकू येत होती.

संस्कृतातला 'बुध्न' हा शब्दही त्याच मुळाचा, अर्थही तोच: तळ. पंचांग पाहणाऱ्यांना उत्तराभाद्रपदा नक्षत्राची देवता अहिर्बुध्न्य ठाऊक असेल. त्या नावातला बुध्न आणि साइडबॉटममधला बॉटम हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने सख्खे नातलग आहेत.

ही आडनावं इंग्लंडभर सारखी पसरलेली नाहीत. लँकशर, चेशर आणि पश्चिम यॉर्कशर, म्हणजे पेनाइन डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना ती दाटीने सापडतात, आणि त्याला कारण आहे. दक्षिणेकडे शेती मोठ्या एकवट गावांभोवती होती. पेनाइनच्या उतारांवर मात्र वस्ती विखुरलेली. इथे एक घर, पलीकडच्या ओढ्याकाठी दुसरं, आणि प्रत्येक घर-शेताला स्वतःचं नाव. चर्चचा एकेक परगणा इतका अफाट की 'हॅलिफॅक्सचा जॉन' म्हणून काही कळायचं नाही. कोणत्या खोऱ्यातला जॉन, हे सांगावंच लागे. उत्तरेत आडनावं पक्की व्हायलाही उशीर लागला, पंधराव्या शतकापर्यंत हे काम चालू होतं. त्यामुळे एका शेतावरून एक नाव आणि त्या नावाची सगळी माणसं एकाच कुटुंबाचा विस्तार, असं इथे पुष्कळदा दिसतं.

रॅम्सबॉटमचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. हे गाव आजही आहे, मँचेस्टरच्या उत्तरेला, बरी नावाच्या शहराच्या वर, अर्वेल नदीच्या काठी. १३२४ सालच्या नोंदीत ते 'रोम्सबोथुम' असं लिहिलेलं आहे. पहिल्या भागाचे दोन अर्थ लावले जातात. एक 'रॅम', म्हणजे मेंढा. दुसरा 'ह्राम्सा', म्हणजे रानलसूण. ही रानलसूण सावलीतल्या ओल्या तळाशी गालिच्यासारखी पसरते. वसंतात पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि पान नुसतं पायाखाली चुरडलं तरी लसणाचा वास सुटतो. डोंगरउतारावर मेंढ्या आणि ओढ्याकाठी रानलसूण, दोन्ही त्या भागात असतातच. म्हणून निव्वळ जागा बघून निकाल लागत नाही, जुन्या लिखाणातलं एकेक अक्षर तपासावं लागतं.

जुनं लिखाण हाती नसेल तर काय होतं, ते शफलबॉटममध्ये दिसतं. आजचं रूप पाहून 'शफल', म्हणजे पाय फरफटवत चालणं, असा अर्थ लोक बेधडक सांगतात. मूळ ठिकाण लँकशरमधलं शिपरबॉटम, आणि तेराव्या शतकातलं त्याचं रूप 'शिपेवालेबोथेम'. मेंढ्यांच्या झऱ्याचं खोरं. शिप म्हणजे मेंढी, वाले म्हणजे झरा. लिहिणारा कारकून बाहेरगावचा, सांगणारा निरक्षर. हळूहळू नावातला झरा आटला आणि ओळखीचा वाटणारा 'शफल' त्या जागी बसला. हिगिनबॉटमचंही तसंच झालं. बोल्टनजवळच्या ओकनबॉटमचं, म्हणजे ओक वृक्षांच्या खोऱ्याचं, ते बदललेलं रूप. बाकीची थोडक्यात: लाँगबॉटम लांब खोऱ्याचे, विंटरबॉटम हिवाळी चराईच्या खोऱ्याचे, रोबॉटम रान माजलेल्या खडबडीत खोऱ्याचे.

याच संदर्भात एक गैरसमज पक्का बसलाय. 'बॉटम'ची लाज वाटून लोकांनी त्याचं 'बॉथम' केलं, असं सरसकट सांगतात. एकोणिसाव्या शतकात काहींनी प्रतिष्ठेसाठी स्पेलिंग निवडून घेतलं असेल, पण 'बॉथम' हे रूप तेव्हा घडवलेलं नाही. जुन्या इंग्रजीतच 'बोट्म' आणि 'बोथ्म' अशी दोन्ही रूपं होती. वरचं १३२४ चं रूप पुन्हा वाचा. इयान बॉथमचं आडनावही या शब्दापर्यंत नेलं जातं.

परदेशी राहणारे काही वाचक सासरच्या किंवा शेजाऱ्यांच्या अशा आडनावाचा माग काढू पाहतात. त्यांनी शब्दकोशापासून सुरुवात करू नये, तिथेच पहिली चूक होते. आधी १८८१ च्या जनगणनेत ते नाव कोणत्या परगण्यात दाटलंय ते पाहा. ही जनगणना पूर्ण उतरवलेली आहे. मग त्या भागाचे एकोणिसाव्या शतकातले, मैलाला सहा इंच प्रमाणाचे सरकारी नकाशे उघडा. त्यांवर एकेका शेतघराचं नाव छापलेलं असतं, आणि अर्धी उत्तरं तिथेच मिळतात. नंतर मागे जायचं: जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून, त्याआधी चर्चच्या वह्या, ज्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा आहे, आणि त्याहीआधी १३७७ ते १३८१ मधल्या डोईपट्टीच्या याद्या. अर्थ बघायचा तो सगळ्यात जुन्या रूपावरून.

शोध अडतो तो बहुधा स्पेलिंगवर. एकाच माणसाचं नाव लग्नाच्या नोंदीत बॉटम आणि मुलाच्या बाप्तिस्म्यात बॉथम असू शकतं, म्हणून शेवटचा भाग मोकळा ठेवून शोधावं. उच्चारावरून शोधणारी साउंडेक्स पद्धत ही दोन रूपं जुळवते, पण ती पहिलं अक्षर जसंच्या तसं धरते. म्हणजे ओकनबॉटम आणि हिगिनबॉटम तिच्या लेखी कधीच एक होणार नाहीत. जुन्या लपेटीदार अक्षरात मोठा एस आणि मोठा एल सारखेच दिसतात, तेव्हा साइडबॉटम सापडला नाही तर एलखालीही पाहावं. १९३१ च्या जनगणनेची वाट मात्र पाहू नका. इंग्लंड-वेल्सचे ते कागद १९४२ च्या आगीत जळाले. १९२१ च्या जनगणनेनंतरचा टप्पा थेट १९३९ साली केलेल्या रहिवाशांच्या सरकारी नोंदवहीचा.

आज ही आडनावं किती? विरळच. कापड गिरण्यांनी याच खोऱ्यांत वस्ती वाढवली, तेव्हा तीही वाढली. १८८१ नंतर शफलबॉटमसारखी चिडवली जाणारी नावं घटली. इंग्लंडमध्ये आडनाव बदलणं सोपं आहे, डीड पोल नावाचा एक साक्षीदारांसह सही केलेला कागद पुरतो. आपल्यासारखं राजपत्रात छापून आणावं लागत नाही.

तरीही ज्यांनी नाव ठेवलं, त्यांची कामं मोठी आहेत. वॉल्टर विंटरबॉटम १९४६ पासून १९६२ पर्यंत इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे पहिले व्यवस्थापक होते. जॉन रॅम्सबॉटम १८१४ साली टॉडमॉर्डनमध्ये जन्मले, तेही पेनाइनच्याच एका अरुंद खोऱ्यात. न थांबता धावत्या इंजिनात पाणी भरण्यासाठी रुळांच्या मध्ये बसवलेली पन्हाळ त्यांची, पहिली १८६० मध्ये उत्तर वेल्समध्ये मॉख्द्रे इथे बसली. पिस्टनच्या खाचेत बसणारी कापलेली, स्प्रिंगसारखी ताणून राहणारी कडीही त्यांचीच. कोपऱ्यावरच्या गॅरेजात मेकॅनिक 'रिंगा गेल्यात' म्हणतो, त्या याच.