मावशी, अजून एकच स्पिन

गणपतीत सगळे सांगलीला आईकडे जमलो होतो. दुसऱ्या दिवशी आईने पासबुक माझ्यापुढे ठेवलं, म्हणाली बघ गं जरा, मी तर काही घेतलेलं नाही. बघते तर ७९ रुपये, ७९, १५९, परत ७९, एकाच तारखेला नऊ एन्ट्र्या. महिन्याभराचे मिळून ६,४१९ रुपये. तिच्या गोळ्यांचे दोन महिन्यांचे पैसे झाले हो ते.

भाचा सातवीत आहे, आजीचा भारी लाडका. आजीला यूपीआय त्यानेच शिकवलं, त्यामुळे पिन त्याला पाठ. ताईने हात उगारला तेवढ्यात मी त्याला गच्चीवर नेलं आणि म्हटलं, मी ओरडणार नाही, फक्त काय घेतलंस ते दाखव.

त्याने गेम उघडला. बंदुका-बिंदुका सगळं होतंच, पण पैसे गेले होते ते एका चाकावर. आठ खाने, एका खान्यात सोनेरी बंदूक, कोपऱ्यात 'फक्त ६ तास उरले' असं उलटं चालणारं घड्याळ. दिवसाचा फुकट स्पिन बाकी होता तो त्याने दाबला. चाक जोरात फिरलं, ढोल वाजल्यासारखा आवाज, मग टिक... टिक... करत काटा सोनेरी बंदुकीवर आला, थांबतोय असं वाटलं आणि एक खाना पुढे सरकला. मिळाला पॅराशूटचा निळा रंग. पोराचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. "बघ मावशी, एवढंच राहिलं होतं! मागच्या वेळी पण अस्संच झालं. अजून एकच स्पिन दे ना."

मला पैशांपेक्षा हे जास्त लागलं. कारण या गेममध्ये बटण दाबलं की निकाल तिकडे कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठरतो, चाक फिरतं ते नुसतं दाखवायला. काटा बंदुकीजवळ येऊन सरकणं ही चित्राची करामत आहे. 'थोडक्यात हुकलं' हे बारा वर्षांच्या मुलाला अगदी खरं वाटतं, तो हरलोय असं समजतच नाही, आता लागणारच असं समजतो. जुगाराची मशीन लोकांना ज्या गोष्टीने धरून ठेवतात ती हीच आहे.

कोणी म्हणेल आपण पण लहानपणी दुकानात पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या फोडायचो की. फोडायचो, मी पण फोडल्यात, २५ पैशाला एक, वर प्लॅस्टिकचं विमान टांगलेलं असायचं आणि ते कुणालाच लागायचं नाही. पण २५ पैसे संपले की घरी जायचं. दुकानदार रात्री अकराला उशाशी येऊन म्हणायचा नाही की तुझी चिठ्ठी शिल्लक आहे. इथे पहिला स्पिन फुकट, दुसरा स्वस्त, मग प्रत्येक वेळी भाव चढत जातो. शिवाय रुपये कुठे दिसतच नाहीत, सगळं कॉइनमध्ये. एखादा स्पिन ६० कॉइनचा आणि पॅक १०० चा, म्हणजे दर वेळी थोडे उरणार आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून परत पॅक घेणार, हे कोणीतरी बसून ठरवलेलं आहे, आपोआप झालेलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला, तेव्हा मला वाटलं चला सुटलो. पण तो कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांबद्दल आहे. चाकातून मिळतो बंदुकीचा रंग, रोख काही नाही, त्यामुळे हे चाक अजून फिरतंच आहे. बेल्जियमने २०१८ मध्येच गेममधल्या पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवलं, आत काय निघेल ते आधी कळत नाही, म्हणजे या चाकाचाच प्रकार. जपानने २०१२ मध्ये यातला सगळ्यात वाईट प्रकार, ठरावीक वस्तूंचा पूर्ण सेट जमवला की मोठं बक्षीस देणारा, बंद केला. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये 'गेन्शिन इम्पॅक्ट' गेमच्या कंपनीने २ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, शिवाय १६ वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांच्या परवानगीशिवाय अशा पेट्या विकायच्या नाहीत अशी अट आली. मग आपली पोरं काय वेगळी आहेत का? मला खरंच राग येतो याचा.

घरी आम्ही पिन बदलला, खरेदीला पासवर्ड टाकला, हे तर करायलाच हवं, आजच करा. पण उपयोग झाला तो वहीचा. गेममध्ये स्पिनची हिस्टरी असते, ती उघडून आम्ही दोघांनी गच्चीत बसून एकेक स्पिन लिहिला, तारीख, कॉइन, काय मिळालं. दीड पान भरलं. पॅराशूटचा निळा रंग आधीच चार वेळा मिळाला होता. तो एकेक ओळ लिहीत होता आणि अक्षर बारीक होत चाललं होतं. शेवटी त्यानेच बेरीज केली, पासबुकाशी ताडून बघितली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग खाली जाऊन आजीच्या शेजारी बसला, तिने त्याच्या हातावर मोदक ठेवला.

काल त्याचा फोन आला होता. गेममध्ये नवीन चाक आलंय म्हणाला. मी गप्प. मग म्हणाला, "मावशी, माझे ४० कॉइन उरलेत, ते तसेच ठेवलेत, पण रोज दिसतात गं."

शनिवारी जातेय सांगलीला.