माळ्यावरच्या तबकड्या, स्पीकरवाल्यांच्या पेट्या

कोकणात जुन्या रेकॉर्डी शोधायच्या असतील तर गावात शिरल्या शिरल्या आधी स्पीकरवाल्याचं घर विचारावं. मोठ्या घरांतून चावीचे फोनो असायचे, नाही असं नाही. पण त्यांच्या कपाटात नाट्यगीतं आणि अभंग. जाखडी या फेर धरून नाचायच्या लोकनृत्याचं गाणं, नमन या लोकनाट्यातली गौळण, होडीवरची गाणी असलं काही तिथे सापडलं तर नशीब. ते सापडतं लग्नाला, सत्यनारायणाला, गणपतीला कर्णा बांधणाऱ्याकडे. आंब्याच्या फांदीवर कर्णा, खाली ओटीवर चेंजर, म्हणजे रेकॉर्डी वाजवायचं मशीन, आणि शेजारी पत्र्याची पेटी. गावाला जे ऐकायचं असेल ते त्या पेटीत असावंच लागे, नाहीतर पुढच्या लग्नाची सुपारी दुसऱ्याला जायची.

मी मार्गशीर्षात निघतो. पावसाळ्यात कुणी माळा उघडून देत नाही आणि भातकापणीत कुणाला बोलायला उसंत नसते. एकदा झोडणी उरकली की घरं मोकळी होतात, लोक ओटीवर बसतात. शिवाय त्रिपुरी पौर्णिमेनंतर दक्षिणेकडे जत्रा सुरू झालेल्या असतात. मुंबईच्या चोरबाजारातही रेकॉर्डी मिळतात, तिथेही मी जातो. पण तिथे रेकॉर्ड मिळते, तिचं गाव मिळत नाही. कुणी वाजवली, कशाला वाजवली, हे हवं असेल तर मांडवी एक्स्प्रेस पकडून खाली उतरावंच लागतं.

पहिला मुक्काम चिपळूण. तिथे बाजारपेठेत रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एक काका आहेत. गावोगावच्या जाखडीच्या बाऱ्या, म्हणजे खेळ, टेप करून त्यांच्या कॉप्या काढून देणं हा त्यांचा जोडधंदा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा दुकानातल्या सगळ्या मूळ टेपा गेल्या. चिखल काढताना कॅसेटी घमेल्याने भरून बाहेर टाकल्या, असं काका सांगत होते. वाचली ती एकच पिशवी, बहिणीकडे ऐकायला नेलेली. बहिणीचं घर उंचावर.

त्या पिशवीतली एक कॅसेट काकांनी माझ्यासमोर उघडली. खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे पाहिलं तर कडेला पांढरी बुरशी, पिठाची बोटं लागावीत तशी. अशी टेप थेट लावायची नाही. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. काकांनी पाच स्क्रू काढले, टेप नव्या कवचात घातली, मऊ कापडाच्या पट्टीतून ती सबंध हळूहळू सरकवली आणि मगच लावली. आधी ढोलकी आली, मग झांज, मग नाचणाऱ्यांच्या पायांतले चाळ. जाखडीत गाणारे-वाजवणारे मध्ये बसतात आणि नाचे त्यांच्याभोवती फिरतात. माइक मध्ये ठेवलेला असणार, कारण चाळांचा आवाज जवळ येत होता, दूर जात होता. तो ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

इथे माझं ठाम मत सांगून टाकतो. कोकणच्या लोकसंगीताचं खरं ध्वनिमुद्रण कॅसेटवर आहे, तबकडीवर नाही. हिंदुस्थानात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, कलकत्त्यात. पण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला मावतात जेमतेम तीन मिनिटं, आणि शक्तीवाले आणि तुरेवाले या जाखडीच्या दोन पक्षांचा सामना चालतो रात्रभर. तीन मिनिटांत सुरुवातीचा गणसुद्धा नीट संपत नाही. मग सवाल कधी टाकायचा आणि जबाब कधी यायचा? ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि एका बाजूला तीस-पंचेचाळीस मिनिटं मिळाली, तेव्हा कुठे शाहिराला दम घ्यायला जागा झाली. त्या कॅसेटींचे कागद वाचण्यासारखे असतात: शाहिराचं नाव, गुरूचं नाव, गाव, तालुका आणि खाली परळ-लालबागमधल्या एखाद्या चाळीचा पत्ता. चाकरमान्यांनी वर्गणी काढून छापलेली ही थोडक्या प्रतींची कामं. लाखेची तबकडी कपाटात शंभर वर्षं टिकेल. या कॅसेटींची तीस-चाळीस वर्षंच झाली आहेत आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसात त्या संपत चालल्या आहेत.

कोळीगीतांचंही तेच. रेकॉर्डीवर ती भरपूर आहेत, सुरेल आहेत, मला आवडतातही. पण ती मुंबईच्या स्टुडिओत, वाद्यवृंद घेऊन बसवलेली. अलिबागकडे आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण म्हणते ते धवले, म्हणजे लग्नगीतं, मला अजून एकाही तबकडीवर मिळालेले नाहीत.

रत्नागिरीत फारसं हाती लागलं नाही. पुढे एसटीने राजापूर. अर्जुना आणि कोदवलीच्या पुराचं पाणी जवाहर चौकात दर काही वर्षांनी येतंच, त्यामुळे बाजारात विचारण्यात अर्थ नव्हता. मी चढावरची घरं धरली. एका घरातल्या आजींचे यजमान साउंड सर्व्हिस चालवायचे. नातवाने माळ्यावरून पेटी उतरवली. वर ७८ च्या लाखेच्या, खाली ४५ च्या प्लास्टिकच्या. काही तबकड्यांची पाकिटं वाळवीने खाल्लेली, पण जी उरली होती त्यांच्यावर निळ्या पेन्सिलने गाण्याचं नाव न लिहिता प्रसंग लिहिलेला: ‘हळद’, ‘वरात’, ‘पंगत’, ‘रात्री १२ नंतर’. एका पाकिटावर दुकानाचा शिक्का, ‘गिरगाव, मुंबई ४’. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, तेव्हा हा माल बहुधा त्याच्या आधीचा.

‘वरात’ लिहिलेली तबकडी मी प्रकाशात तिरकी धरली. मधल्या भागातल्या रेषा काळ्याभोर, आणि जिथे गाणं चढतं तिथला पट्टा राखाडी. लोखंडी पिनेने शेकडो वेळा वाजवल्यावर आवाजाच्या ठिकाणीच खाच झिजते. म्हणजे लोकांनी पुन्हा पुन्हा काय लावायला लावलं, ते तबकडीवर दिसतं. मी ती उकळून गार केलेल्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसली, लेबल कोरडं ठेवून. लाखेच्या तबकडीला स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते. आणि एलपीची सुई तिच्यावर ठेवू नका. ७८ ची खाच रुंद असते, बारीक सुई तळाशी घसरत राहते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८ साठीची जाड सुई वेगळी मिळते, ती मी डबीतून नेतो.

सुई टेकली. खरखरीतून सनई आली, मागे ढोलाचा ठेका. आजी स्वयंपाकघरातून उंबऱ्यापर्यंत आल्या.

“हे लागलं की वरात पाराजवळ थांबायची बघ,” त्या म्हणाल्या. “ह्यांना पुढे जाऊच देत नसत. परत लाव, परत लाव.”

पेटी विकायची का, हे मी विचारलंच नाही. घरी बसूनच सगळं उतरवून घेतलं, नातवाला पेनड्राइव्हवर दिलं, पेटीच्या तळाशी नवा जाड पुठ्ठा घातला आणि तबकड्या उभ्या लावून ठेवल्या. आडव्या रचल्या तर वजनाने वाकतात. मूळ वस्तू घरातच राहावी असं मला वाटतं. ‘पंगत’ म्हणजे कोणाची पंगत हे सांगणारं माणूस त्याच घरात असतं.

कुडाळला एका बंद पडलेल्या दुकानातून दोन ईपी, म्हणजे ४५ च्या छोट्या तबकड्या, मिळाल्या. पाकिटावर शिक्का ‘कुडाळ, जि. रत्नागिरी’. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, तेव्हा याही बहुधा त्याआधीच्या. जवळच पिंगुळी. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या परशुराम गंगावणे यांनी गोठ्यात संग्रहालय करून सांभाळल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रं तिथे डोळ्यांना दिसतात. चित्रं दाखवताना गायची कथा मात्र कानावर पडावी लागते, आणि म्हाताऱ्यांचे आवाज कोणत्या घरी टेप केलेले आहेत याची मी आता चौकशी लावली आहे.

शेवटी वेंगुर्ले तालुक्यातली एक जत्रा. दशावताराची, म्हणजे जत्रेत रात्री होणाऱ्या पौराणिक नाटकाची, कंपनी आली होती. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, आरोलकर अशी गावांवरून पडलेली कंपन्यांची नावं इथे पोराटोरांना पाठ असतात. पालखीची प्रदक्षिणा व्हायला वेळ होता. मांडवामागे नट आरशात बघून रंग लावत होते, पायपेटीवाला भाता तपासत होता. माझ्याकडे कणकवलीच्या एका घरातून उतरवलेला जुना खेळ होता. कॅसेटवर ना कंपनीचं नाव, ना साल. बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या मृदंगवाल्याच्या कानाला मी हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटले, बोटं मांडीवर चालू झाली.

“ह्यो हात माका ठावक आसा,” ते म्हणाले. “म्हातारो माझ्या बापाशीबरोबर वाजवी. आयक, हंय सम येवच्या आधी तो वायच थांबता. दुसरो कोण असो थांबा नाय.”

त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि त्या गावात पोस्टाच्या मागे कुणाच्या घरी अशा आणखी टेपा असतील तेही सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं आणि त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. त्या घरचे लोक मुंबईला असतात, शिमग्याला दार उघडतात. शिमग्याचं तिकीट काढलं आहे. तोवर तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर जाखडीची, नमनाची, दशावताराची, डबलबारी भजनाची कॅसेट असेल, तर ती मशीनमध्ये घालून बघू नका. कोरड्या डब्यात ठेवा, कागद टाकून देऊ नका, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून गाणाऱ्याचं नाव त्याच्यावर पेन्सिलने लिहून ठेवा.