झिंक फेराइट: ३३.२ चा पीक गेला एकदाचा

मंडळी, गेला! नव्या एक्स-रे डिफ्रॅक्शन पॅटर्नमध्ये झिंक फेराइटचे २९.९, ३५.२, ४२.९ अंशांचे पीक सगळे जागच्या जागी आणि ३३.२ वर, म्हणजे हेमटाइटच्या (नको असलेल्या आयर्न ऑक्साइडच्या) जागी, काहीच नाही. २८ ते ३८ मुद्दाम स्लो स्कॅन करून घेतला, कारण एक्स-रेच्या कॉपर ट्यूबवर लोखंडाचं फ्लुओरेसन्स इतकं येतं की बारका पीक बॅकग्राउंडमध्ये सहज बुडतो. फास्ट स्कॅन दाखवून कुणी 'सिंगल फेज' (एकच पदार्थ, भेसळ नाही) म्हणालं की माझा तरी विश्वास बसत नाही.

हेमटाइटने किती छळलं ते तुम्हाला माहितीच आहे. लोखंड आणि झिंकची नायट्रेट्स २:१, कॉस्टिक सोड्याने पीएच १३ च्या आसपास, ऑटोक्लेव्हमध्ये (बंद प्रेशरच्या भांड्यात) १८० अंश सेल्सिअसला रात्रभर, आणि फेराइटसोबत हेमटाइट फुकट. टेंपरेचर कमी पडतंय असं बऱ्याच जणांचं म्हणणं, म्हणून २०० केलं, वेळ वाढवला, तर पीक आणखीच टोकदार. फेरिक नायट्रेट ओलं असेल का? पण मग लोखंड कमी भरेल, जास्त कसं होईल? झिंक नायट्रेट ओलं असेल तर हिशोब जुळतो, पण नवी बाटली फोडली तरी तेच.

शेवटी लक्ष गेलं तयार पावडरच्या वर उरणाऱ्या पाण्याकडे, जे आपण न बघता टाकून देतो. ते नितळ गाळून घेतलं आणि डायल्यूट नायट्रिक थेंब थेंब सोडत गेलो, बराच वेळ काही नाही, मग पीएच पेपर जरा खाली आला आणि बीकरमध्ये पांढरं धुकं धरलं, अजून थोडं ॲसिड पडल्यावर परत नितळ. झिंकच की! एवढ्या अल्कलीत झिंक हायड्रॉक्साइड झिंकेट (विरघळणारं रूप) होऊन पाण्यात जातं, लोखंड खाली राहतं, मग उरलेलं लोखंड हेमटाइट नाही होणार तर काय होणार.

आता पीएच १० वर थांबतो, ढवळत ठेवून थोड्या वेळाने परत बघतो कारण तो खाली सरकतो. अमोनियाच्या भानगडीत पडू नका, तो झिंकला कॉम्प्लेक्स करून पळवतो.

३५.२ च्या पीकची रुंदी ०.८ अंश, शेररच्या सूत्राने (पीकच्या रुंदीवरून कणाचा आकार) साधारण १० नॅनोमीटर, मशीनचं ब्रॉडनिंग वजा न करता. आणि पावडर निओडिमियम मॅग्नेटला चिकटते! मोठ्या दाण्याचा झिंक फेराइट रूम टेंपरेचरला असं करत नाही, नॅनोमध्ये थोडं झिंक स्फटिकातली आपली नेहमीची टेट्राहेड्रल (चार ऑक्सिजनमधली) जागा सोडून ऑक्टाहेड्रल (सहा ऑक्सिजनमधल्या) जागेत जातं म्हणून ही गंमत.

पण हे टाइप करतानाच डोक्यात आलं, मॅघेमाइट (आणखी एक आयर्न ऑक्साइड) असेल तर? तोही स्पिनेल, म्हणजे फेराइटसारख्याच स्फटिकरचनेचा, तोही चिकटतो. लॅटिस (स्फटिकातल्या एका घराची लांबी) ८.४३ अँगस्ट्रॉम येतोय, झिंक फेराइटच्या ८.४४ ला लागून, मॅघेमाइटचा ८.३५, म्हणजे मुख्य माल तरी फेराइटच, पण थोडीशी भेसळ त्यात लपू शकते. म्हणून यानंतरची कोबाल्टची बॅच पुढे ढकलतोय. आधी हीच पावडर मफल भट्टीत ८०० अंशांना. चिकटणं तर बहुतेक कमी होईलच, पण मॅघेमाइट असेल तर त्याचा हेमटाइट होऊन ३३.२ परत डोकं काढेल, नसेल तर झिंक गुपचूप आपल्या टेट्राहेड्रल जागेवर.

जाता जाता, ऑनलाइन मिळालेल्या स्वस्त ऑटोक्लेव्हचा लायनर (आतलं टेफ्लॉनचं भांडं) जॅकेटमध्ये (बाहेरच्या स्टीलच्या कवचात) सैल बसतोय, झाकणापाशी टेफ्लॉन पिळवटलंय. १८० ला आत १० बारच्या आसपास प्रेशर असतं, तेव्हा दोन तृतीयांशच्या वर भरू नका आणि ओळखीच्या लेथवाल्याकडून जॅकेट करून घ्यायचा मोह टाळा. मी नवा सेट मागवतोय, यावेळी पीपीएल (टेफ्लॉनपेक्षा जास्त तापमान सोसणारं प्लास्टिक) लायनरवाला.